वाशीचा गाळा, ठाण्याची रेप्लिका

डेटाबेसचा बॅकअप रात्री दोनला लावा, तेव्हा कुणी कामाला नसतं, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. वाशीच्या भाजी मार्केटमध्ये रात्री दोनला गाड्या खाली होत असतात. पहाटे चारला गाळ्यात उभं राहायला जागा नसते. आमचा सर्व्हर दुपारी तीनला झोपतो, कारण तेव्हा शेठही झोपतात.

मी ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका लहान ऑफिसातून बाजार समितीतल्या काही आडत्यांचे डेटाबेस सांभाळते. आवक, हमाली-तोलाईची कपात, शेतकऱ्याची पट्टी आणि उधारी हे सगळं पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरवर चालतं. मूळ सर्व्हर, म्हणजे प्रायमरी, गाळ्याच्या पोटमाळ्यावर आणि रेप्लिका, म्हणजे त्याची सतत ताजी होणारी प्रत, ठाण्यात. ऐरोली ते महापे एवढी डेटा सेंटरं उभी आहेत, तरी शेठना मशीन डोळ्यांसमोर हवं असतं. त्यावर मी वाद घालणं सोडून दिलं आहे. तुमचाही ग्राहक असाच असेल, दवाखाना असो, ट्रान्सपोर्ट असो की शाळा, तर अशी जोडी उभी करणं, सांभाळणं आणि तिचा बॅकअप घेणं याबद्दल खाली लिहिलेलं सगळं तुम्हाला लागू पडेल. कमांड आणि सेटिंगची नावं इथे देवनागरीत लिहिते आहे. टर्मिनलवर अर्थातच ती रोमनमध्ये टाइप करायची.

पोस्टग्रेस की मायएसक्यूएल, यावर मी फार वेळ घालवत नाही. नवीन काम असेल तर पोस्टग्रेस. आधीपासून मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी चालू असेल आणि ते नीट चालत असेल, तर त्याला हात लावू नका. त्या मंडळींसाठी पुढे थोडं लिहिलं आहे.

दोन मशीन, पण जुळी

पहिली अट अशी की दोन्ही मशीनवर लिनक्सची तीच आवृत्ती हवी. पोस्टग्रेसची मुख्य आवृत्ती एकच लागते हे सर्वांना माहीत असतं, कारण नाहीतर रेप्लिका चालूच होत नाही. लिनक्सचं तसं नसतं. तो फरक गुपचूप चालून जातो आणि नंतर भोवतो. शब्दांचा क्रम कसा लावायचा हे पोस्टग्रेस बहुतेक वेळा जीलिबसी या सिस्टीमच्या लायब्ररीला विचारतो. २०१८ साली जीलिबसी २.२८ मध्ये हा क्रम मोठ्या प्रमाणावर बदलला. म्हणजे प्रायमरी डेबियन लिनक्स ९ वर आणि रेप्लिका डेबियन १० वर असेल, तर नावांचा इंडेक्स (पटकन शोधण्यासाठीची सूची) एका नियमाने रचलेला आणि दुसऱ्या नियमाने वाचला जातो. टेबलात नाव असतं, शोधलं की मिळत नाही. एरर मात्र कुठेच येत नाही.

मराठी नावं साठवत असाल तर क्रमाचा विचार सुरुवातीलाच करा. नुसत्या कोडपॉइंटप्रमाणे (युनिकोडमधल्या अक्षराच्या क्रमांकाप्रमाणे) लावलं तर ळ हा ल आणि व यांच्या मध्ये येतो आणि क्षीरसागर क च्या गर्दीत हरवतात. मेहताजी, म्हणजे गाळ्यातले हिशेबनीस, यादी वर्णमालेप्रमाणे वाचतात, त्यांना क्ष आणि ज्ञ शेवटी हवे असतात. पोस्टग्रेस १५ पासून अख्ख्या डेटाबेसला आयसीयू या लायब्ररीचा लोकेल (भाषेचे नियम) देता येतो. डेटाबेस बनवताना टेम्प्लेट०, लोकेल प्रोव्हायडर आयसीयू आणि आयसीयू लोकेल 'एमआर' एवढं सांगितलं की काम झालं. आयसीयूची आवृत्तीही दोन्हीकडे एकच ठेवा. ती बदलली तर पोस्टग्रेस निदान इशारा तरी देतो. तो आला की आधी इंडेक्स पुन्हा बांधायचे आणि मगच 'रिफ्रेश कोलेशन व्हर्जन' चालवायचं. उलट केलंत तर इशारा जातो, बिघाड राहतो.

क्रमाचं झालं, पण आणखी एक गोष्ट आहे जी इंग्रजी मॅन्युअलमध्ये सापडणार नाही. एकाच गाळ्यातल्या गावांच्या यादीत 'कऱ्हाड' दोनदा होतं आणि एकच नाव दोनदा येऊ न देणाऱ्या युनिक इंडेक्सने दोन्ही घेतले होते. स्क्रीनवर डोळे फोडून पाहिलं तरी फरक दिसेना. अक्षरांचे कच्चे कोड हेक्समध्ये काढले तेव्हा उलगडलं. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि पुढे हलन्त होता, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. एक कीबोर्ड असं उमटवतो, दुसरा तसं. 'ॲ' चंही हेच होतं. पोस्टग्रेस १३ पासून नॉर्मलाइझ हे फंक्शन आहे. ते ऱ ची नुक्तावाली जोडणी (र आणि खाली टिंब) एकसारखी करतं, पण जॉइनरला हात लावत नाही. त्यामुळे नाव टेबलात जाण्याआधी आम्ही एका ट्रिगरमध्ये (ओळ साठवताना आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये) दोन-तीन रिप्लेस लावून एकच रूप पक्कं करतो. हे पहिल्या दिवशी करा. पाच वर्षांच्या पट्ट्या साठल्यावर दोन कऱ्हाड एकत्र करणं हे वेगळंच दुखणं आहे.

उबुंटू-डेबियनवर पॅकेज टाकलं की 'मेन' नावाचं क्लस्टर (डेटाबेसचा संच) आपोआप तयार होतं. त्यात अजून काही नसतानाच ते पीजी_ड्रॉपक्लस्टरने काढून टाका आणि पीजी_क्रिएटक्लस्टरने डेटा चेकसम (प्रत्येक पानाची पडताळणी-संख्या) चालू करून नव्याने बनवा. आवृत्ती १८ मध्ये चेकसम आपसूकच चालू असतात, त्याआधी सांगावं लागतं. पोटमाळ्यावरच्या उकाड्यात आणि धुळीत डिस्क कुजत जाते. चेकसम असतील तर खराब झालेलं पान वाचताना पोस्टग्रेस ओरडतो. नसतील तर चुकीचे आकडे शांतपणे पट्टीवर छापले जातात.

बाकी सेटिंग थोडीच आहेत. शेअर्ड_बफर्स (पोस्टग्रेसने रॅममध्ये घेतलेली जागा) मुळात १२८ एमबी असतो, तो रॅमच्या पावपट करा. मॅक्स_कनेक्शन्स १०० असतं, ते वाढवायचा मोह टाळा. टाइमझोन आणि लॉग_टाइमझोन दोन्ही 'एशिया/कोलकाता' ठेवा. नाहीतर पहाटे चारची भानगड लॉगमध्ये आदल्या रात्री साडेदहाला दिसते आणि तुम्ही भलत्याच ओळी वाचत बसता. एफसिंक (लिहिलेलं खरंच डिस्कवर गेल्याची खात्री) बंद केल्याने वेग वाढतो हे खरं आहे. तरीही बंद करू नका. वीज जाणाऱ्या जागी तर नाहीच.

उबुंटूच्याच रेपोतून पोस्टग्रेस घेतलं असेल तर अजून एक पाहा. आपोआप लागणारी सिक्युरिटी अपडेट सकाळी ६ ते ७ च्या दरम्यान लागतात आणि त्यात पोस्टग्रेस रीस्टार्ट होतो. हापूसच्या सीझनमध्ये सकाळी साडेसहाला सर्व्हर अर्ध्या मिनिटासाठी गेला तरी शेठचा फोन येतो. तो टायमर दुपारी तीनवर न्या.

मधली वाट

डेटाबेसचं ५४३२ पोर्ट उघड्या इंटरनेटवर ठेवू नका. आम्ही वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा वापरतो. गाळ्यातल्या ब्रॉडबँडला स्वतःचा पब्लिक आयपी नसतो. म्हणून बोगदा गाळ्याकडून ठाण्याकडे उघडायचा आणि पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ सेकंद ठेवायचा. एकदा बोगदा उभा राहिला की त्यातून कोणीही कोणाला हाक मारू शकतं.

इथे दोन खड्डे आहेत. जोडणी होते, लहान क्वेरी चालतात, पण मोठा डेटा निघाला की सगळं गोठतं, असं झालं तर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) बघा. वायरगार्डचा १४२० असतो, तो १२८० करून पाहा. दुसरा खड्डा वीज जाऊन आल्यावर दिसतो. लिसन_ॲड्रेसेसमध्ये बोगद्याचा आयपी लिहिलेला असतो, पण मशीन चालू होताना पोस्टग्रेस आधी उठतो आणि बोगदा नंतर. तो आयपी तेव्हा नसतोच, म्हणून पोस्टग्रेस लॉगमध्ये एक वॉर्निंग टाकून बाकीच्या पत्त्यांवर चालू होतो. गाळ्यात सगळं छान चाललेलं असतं, फक्त ठाणे जोडलं जात नाही. सिस्टीमडीमध्ये (लिनक्सवर सेवा चालू करणाऱ्या प्रोग्राममध्ये) पोस्टग्रेसला वायरगार्डच्या 'आफ्टर' लावा, की हा प्रश्न मिटला.

रेप्लिका उभी करणं

हे काम सोपं आहे. पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी वॉल नावाच्या लॉगमध्ये लिहितो आणि रेप्लिका तोच वाचून ताजी राहते. पोस्टग्रेस १० पासून वॉल_लेव्हल 'रेप्लिका' आणि मॅक्स_वॉल_सेंडर्स १० हे मुळातच असतं, त्यामुळे प्रायमरीवर फार काही बदलावं लागत नाही. रेप्लिकेशनचा हक्क असलेला एक वेगळा रोल (डेटाबेसचा युजर) बनवा. कुणाला जोडू द्यायचं ते सांगणाऱ्या पीजी_एचबीए फाइलमध्ये एक ओळ घाला: होस्ट, रेप्लिकेशन, त्या रोलचं नाव, ठाण्याचा बोगद्यातला आयपी, स्क्रॅम-शा-२५६. डेटाबेसच्या रकान्यात 'ऑल' लिहून भागत नाही, रेप्लिकेशन हा शब्दच लागतो. ही फाइल वरून खाली वाचली जाते आणि जी ओळ आधी जुळेल ती लागू होते. बदलल्यावर रीलोड पुरतो, रीस्टार्टची गरज नाही.

मग ठाण्याच्या मशीनवर पोस्टग्रेस थांबवा, डेटा डिरेक्टरी रिकामी करा आणि पोस्टग्रेस युजर होऊन पीजी_बेसबॅकअप चालवा. मोठा डी म्हणजे डेटाची जागा. मोठा आर दिलात की स्टँडबाय.सिग्नल ही फाइल आणि प्रायमरीचा पत्ता तो स्वतः लिहून ठेवतो. मोठा सी आणि मोठा एस मिळून स्लॉट (रेप्लिका कुठवर पोचली याची प्रायमरीवरची नोंद) तयार होतो, आमच्याकडे त्याचं नाव 'ठाणे' आहे. मोठा पी दिला की किती टक्के झालं ते दिसतं. सुरुवातीला काही मिनिटं काहीच हललं नाही तर घाबरू नका, तो चेकपॉइंटची (रॅममधले बदल डिस्कवर उतरण्याची) वाट पाहत असतो. घाई असेल तर चेकपॉइंट 'फास्ट' मागा. जुन्या लेखांत रिकव्हरी.कॉन्फ नावाची फाइल बनवायला सांगितलेली असते. ती २०१९ साली आवृत्ती १२ मध्ये गेली. आता ती डिरेक्टरीत दिसली तर पोस्टग्रेस चालूच होत नाही.

डेबियनच्या पद्धतीत सेटिंगच्या फाइली /ईटीसी खाली असतात, त्यामुळे बेसबॅकअप त्या आणत नाही. स्टँडबायवर, म्हणजे रेप्लिकेवर, मॅक्स_कनेक्शन्स प्रायमरीपेक्षा कमी असेल तर तो उठत नाही. गाळ्यात २०० आणि ठाण्यात १००, हा नमुना मी फार वेळा पाहिला आहे.

चालू झाल्यावर ठाण्यात पीजी_इज_इन_रिकव्हरी विचारा, उत्तर 'टी' (ट्रू, म्हणजे हो) यायला हवं. गाळ्यात पीजी_स्टॅट_रेप्लिकेशन बघा, एक ओळ आणि 'स्ट्रीमिंग' दिसायला हवं. झालं. इथपर्यंत यायला चहा गार होत नाही.

थांबलंय कोण, आणि कुणासाठी?

आमच्याकडे नवीन मुलगा आला की मी त्याला एरर मेसेज पाठ करायला लावत नाही, हा एकच प्रश्न विचारायला लावते. रेप्लिकेशनच्या बहुतेक दुखण्यांत काहीच मोडलेलं नसतं. एक जण दुसऱ्यासाठी थांबलेला असतो आणि त्या दुसऱ्याला त्याची खबरच नसते.

स्लॉटचंच घ्या. 'ठाणे' स्लॉटचा अर्थ असा की ठाण्याने घेतल्याशिवाय प्रायमरी वॉलच्या फाइली टाकून देणार नाही. पावसाळ्यात रस्ता खणला, फायबर तुटली, लाइन दिवसभर बंद. प्रायमरी इमानदारीत थांबतो आणि पीजी_वॉल (वॉलच्या फाइलींची डिरेक्टरी) फुगत जातो. किती फुगेल हे आधीच मोजून ठेवा. पीजी_करंट_वॉल_एलएसएन (एलएसएन म्हणजे वॉलमधली जागा) ऐन गर्दीत एकदा आणि तासाने पुन्हा घ्या, दोन्हींमधला फरक पीजी_वॉल_एलएसएन_डिफने काढा. समजा तासाला १६ एमबीच्या २० फाइली निघाल्या, म्हणजे ३२० एमबी. चोवीस तास लाइन बंद राहिली तर साडेसात जीबी. डिस्कवर ४० जीबी मोकळी असेल तर मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ २० जीबी ठेवा. ही सोय आवृत्ती १३ पासून आहे आणि मुळात ती अमर्याद असते. मर्यादा घातली की फार तर ठाण्याची रेप्लिका मागे सुटेल, ती पुन्हा बांधता येते. मर्यादा नसेल तर डिस्क भरते, पोस्टग्रेस पॅनिक देऊन बंद पडतो आणि पहाटे चारला गाळ्यात पट्ट्या हाताने लिहायची पाळी येते.

डिस्क भरलीच तर पीजी_वॉल मधल्या फाइली हाताने उडवू नका. जुन्या दिसल्या तरी नाही. आम्ही प्रत्येक सर्व्हरवर दोन जीबीची एक निरुपयोगी फाइल आधीच ठेवतो. ती उडवायची, पोस्टग्रेस चालू करायचा, पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्समध्ये 'ॲक्टिव्ह' नसलेला स्लॉट कोणता ते बघून तो पीजी_ड्रॉप_रेप्लिकेशन_स्लॉटने काढायचा आणि चेकपॉइंट द्यायचा. जागा मोकळी होते. मग ठाण्यात नवा बेसबॅकअप घ्यायचा. 'रिक्वेस्टेड वॉल सेगमेंट हॅज ऑलरेडी बीन रिमूव्हड' ही एरर रेप्लिकेवर दिसली तर तिचा अर्थ हाच: तिला हवी असलेली फाइल प्रायमरीने टाकून दिली आहे. तुमच्याकडे वॉलचं वेगळं आर्काइव्ह नसेल तर पुन्हा बांधण्याला पर्याय नाही.

आता उलट बाजू. महिनाअखेरीचा उधारीचा मोठा रिपोर्ट आम्ही मुद्दाम ठाण्याच्या रेप्लिकेवर चालवतो, गाळ्यावर ताण नको म्हणून. रिपोर्ट जुन्या ओळी वाचत असतो, तेवढ्यात प्रायमरीकडून निरोप येतो की त्या ओळी व्हॅक्युमने (जुन्या ओळी झाडणाऱ्या प्रक्रियेने) साफ केल्या. आता कोणी कोणासाठी थांबायचं? पोस्टग्रेस मुळात ३० सेकंद थांबतो आणि मग रिपोर्ट तोडतो: 'कॅन्सलिंग स्टेटमेंट ड्यू टू कॉन्फ्लिक्ट विथ रिकव्हरी'. मॅक्स_स्टँडबाय_स्ट्रीमिंग_डिले वाढवलात तर रेप्लिका रिपोर्टसाठी थांबते आणि मागे पडते. हॉट_स्टँडबाय_फीडबॅक चालू केलात तर प्रायमरीचा व्हॅक्युम थांबतो आणि गाळ्यातली टेबलं फुगतात. फुकटात काहीच मिळत नाही. माझं मत: रेप्लिका आणीबाणीसाठी असेल तर डिले वाढवू नका, रिपोर्टचे तुकडे करा. निव्वळ रिपोर्टसाठी तिसरं मशीन असेल तर त्यावर डिले खुशाल अर्धा तास ठेवा.

सिंक्रोनस रेप्लिकेशनची, म्हणजे रेप्लिकेवर पोचल्याशिवाय कमिट (नोंद पक्की) न करण्याची, हौस बऱ्याच जणांना असते. एकही पट्टी हरवणार नाही, ऐकायला छान वाटतं. पण एकच रेप्लिका असेल आणि ती सिंक्रोनस असेल, तर लाइन तुटल्याक्षणी गाळ्यातलं प्रत्येक कमिट ठाण्यासाठी थांबतं. स्क्रीन गोल फिरत राहते. पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीमध्ये वेट_इव्हेंटला 'सिंकरेप' दिसलं की समजा हेच आहे. सिंक्रोनस_स्टँडबाय_नेम्स रिकामं करून रीलोड द्या, अडकलेले सगळे सुटतात. दोन जागांमध्ये साधं ब्रॉडबँड असेल तर सिंक्रोनसच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि कधी कधी रेप्लिकेचा काही संबंधच नसतो. सगळे म्हणतात सर्व्हर स्लो झाला. पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी उघडली तर एक कनेक्शन 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' (व्यवहार उघडा ठेवून नुसतं बसलेलं), तेही पंचवीस मिनिटं. म्हणजे मेहताजींनी पट्टी उघडली, रक्कम बदलली आणि सेव्ह न करताच चहाला गेले. ती ओळ ज्यांना ज्यांना हवी ते सगळे त्यांच्यासाठी थांबलेले. पीजी_ब्लॉकिंग_पिड्सला अडकलेल्याचा क्रमांक दिला की अडवणाऱ्याचा क्रमांक मिळतो. त्याला पीजी_टर्मिनेट_बॅकएंड. कायमचा उपाय म्हणून आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट दोन मिनिटं ठेवा, आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याला सांगा की फॉर्म उघडल्यावर नाही, सेव्ह दाबल्यावर ट्रान्झॅक्शन सुरू कर.

याच जातीचा पण जास्त बेरकी प्रकार म्हणजे अल्टर टेबल. टेबलात एक रकाना वाढवायला निमिषभर लागतो, पण त्यासाठी पूर्ण कुलूप हवं असतं. आधीची एक लांबलचक सिलेक्ट (वाचणारी क्वेरी) चालू असेल तर अल्टर तिच्या मागे थांबतं आणि नंतर आलेली प्रत्येक साधी सिलेक्ट अल्टरच्या मागे. अल्टरच्या आधी लॉक_टाइमआउट तीन सेकंद लावा. जमलं नाही तर ते स्वतःच बाजूला होतं, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.

लॅग (रेप्लिका किती मागे आहे ते) मोजण्यातली एक गंमत सांगून पुढे जाते. आता किती वाजले त्यातून पीजी_लास्ट_झॅक्ट_रिप्ले_टाइमस्टॅम्प वजा करा, असं सगळे लेख सांगतात. दुपारी तीनला गाळ्यात कोणी काही लिहीतच नाही, त्यामुळे हा आकडा दोन तास दाखवतो आणि मोबाइलवर अलार्म वाजतो. रेप्लिका काही मागे नसते, तिला नवीन काही आलेलंच नसतं. प्रायमरीवर पीजी_स्टॅट_रेप्लिकेशनमधल्या रिप्ले_एलएसएनची सध्याच्या एलएसएनशी तुलना करा आणि अलार्म बाइट्सवर लावा.

रेप्लिकेला प्रायमरी करायची वेळ

पोटमाळ्यावरचं मशीन गेलं आणि लवकर येणार नाही हे नक्की झालं, तर ठाण्यात पीजी_प्रमोट चालवा. क्षणभरात ती लिहिण्याजोगी होते आणि नवी टाइमलाइन (वॉलची नवी शाखा) सुरू होते. प्रोग्रामचा पत्ता ठाण्याकडे वळवा.

धोका त्यानंतर आहे. गाळ्यात वीज येते, कोणीतरी जुन्या मशीनचं बटण दाबतं आणि ते पहिल्यासारखं प्रायमरी म्हणून उठतं. दोन काउंटर ठाण्यात लिहितायत, एक गाळ्यात. सकाळपर्यंत दोन वेगळे हिशेब तयार. म्हणून प्रमोट करण्याआधी गाळ्यातल्या माणसाला फोन करून मशीनची पॉवर केबल काढायला लावा, आणि केबल काढल्याचा फोटो मागवा. डेबियनवर स्टार्ट.कॉन्फमध्ये 'ऑटो' ऐवजी 'मॅन्युअल' ठेवणं हाही मार्ग आहे. पण मग प्रत्येक वीजकपातीनंतर चालू करायला तुम्ही जागं राहणार का, ते ठरवा.

जुनं मशीन पुन्हा रांगेत आणायला पीजी_रिवाइंड आहे. त्यासाठी डेटा चेकसम किंवा वॉल_लॉग_हिंट्स आधीपासून चालू लागतात. सुरुवातीला चेकसमचा आग्रह धरला त्याचं हे दुसरं कारण. डेटा लहान असेल तर मी रिवाइंडच्या भानगडीत पडत नाही, सरळ नवा बेसबॅकअप घेते.

डेटा डिरेक्टरी रिकामी करताना आपण कोणत्या मशीनवर आहोत हे दोनदा पाहा. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनिअरने, रेप्लिकेशन सरळ करताना, रेप्लिकेऐवजी प्रायमरीची डिरेक्टरी पुसली. सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले. रोजचा पीजी_डंप (डेटाबेस फाइलमध्ये उतरवणारा बॅकअप) चालतच नव्हता, कारण डंपची आवृत्ती ९.२ होती आणि सर्व्हर ९.६. सहा तासांपूर्वीच्या एका स्नॅपशॉटवर सगळं उभं करावं लागलं. त्यांनी हे सगळं उघडपणे लिहिलं म्हणून आपल्याला माहीत आहे. आमच्याकडे गाळ्याच्या टर्मिनलचा प्रॉम्प्ट लाल आणि ठाण्याचा हिरवा असतो.

मायएसक्यूएलवाल्यांसाठी

मायएसक्यूएल ५.६ पासून जीटीआयडी (प्रत्येक ट्रान्झॅक्शनचा स्वतंत्र क्रमांक) आहे, ते वापरा. बिनलॉग (बदलांचा लॉग) फाइल आणि पोझिशनचे आकडे वहीत लिहायचे दिवस गेले. मारियाडीबीचं जीटीआयडी वेगळ्या धाटणीचं असतं, दोघांना एकमेकांत मिसळू नका. मायएसक्यूएल ८.४ मध्ये 'शो स्लेव्ह स्टेटस' आणि 'चेंज मास्टर टू' काढून टाकलं आहे, आता 'शो रेप्लिका स्टेटस' आणि 'चेंज रेप्लिकेशन सोर्स टू'.

एक मशीन क्लोन करून दुसरं बनवलं असेल तर सर्व्हर_आयडी बदला आणि ऑटो.सीएनएफ ही फाइल उडवा, त्यात यूयूआयडी (सर्व्हरची स्वतंत्र ओळख) असतो. दोघांचा एकच असेल तर रेप्लिकेशन जुळतच नाही. 'ऑथेंटिकेशन रिक्वायर्स सिक्युअर कनेक्शन' आलं तर ती ८.० पासूनच्या नव्या पासवर्ड पद्धतीची मागणी आहे. टीएलएस चालू करा, किंवा निदान गेट_सोर्स_पब्लिक_की १ द्या.

एरर १०६२ म्हणजे ही ओळ आधीच आहे, १०३२ म्हणजे ओळ सापडत नाही. दोन्हीचं मूळ बहुधा एकच असतं: रेप्लिकेवर कोणीतरी थेट लिहिलं. मायएसक्यूएलची रेप्लिका आपणहून रीड-ओन्ली नसते, सुपर_रीड_ओन्ली चालू करावं लागतं. नेटवरचा सल्ला असतो की ती एरर स्किप करा. स्किप केली की लाल दिवा जातो आणि दोन डेटाबेस कायमचे वेगळे होतात. लॅग तासन्‌तास हटत नसेल तर प्रायमरी की (ओळ ओळखण्याची खूण) नसलेलं टेबल शोधा. रो फॉरमॅटमध्ये अशा टेबलातली हजार ओळींची अपडेट म्हणजे रेप्लिकेवर पुन्हा पुन्हा अख्खं टेबल चाळणं.

कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४. जुन्या 'यूटीएफ८' मध्ये अक्षराला तीनच बाइट मिळतात. देवनागरी त्यात बसते म्हणून वर्षानुवर्षं काही कळत नाही, आणि मग एखादा ग्राहक शेऱ्यात आंब्याचा इमोजी टाकतो.

बॅकअप, दुपारी तीनला

रेप्लिका असली तरी बॅकअप हवाच. गाळ्यात कोणी व्हेअर (कोणत्या ओळी ही अट) न लावता डिलीट चालवलं तर ते ठाण्यातही सेकंदाच्या आत चालतं. रोज दुपारी कस्टम फॉरमॅटमध्ये पीजी_डंप घ्या आणि पीजी_डंपऑलने ग्लोबल्सही घ्या, कारण रोल आणि त्यांचे पासवर्ड साध्या डंपमध्ये येत नाहीत. डेटा मोठा असेल तर पीजीबॅकरेस्ट किंवा बारमन घ्या. त्यांनी वॉलही साठवलं जातं आणि डिलीटच्या एक मिनिट आधीच्या क्षणी परत जाता येतं.

बॅकअपची प्रत वाशी-ठाण्याच्या बाहेर हवी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अशा दिवशी खाडीच्या दोन्ही काठांवरची मशीन एकाच वेळी पाण्यात असू शकतात. आमची प्रत पुण्याला जाते, एन्क्रिप्ट करून.

रविवारी ती प्रत पुण्याहून उतरवून ऑफिसातल्या एका जुन्या डेस्कटॉपवर पीजी_रिस्टोअर करायची आणि तीन गोष्टी बघायच्या: पट्ट्यांची एकूण संख्या, शनिवारच्या शेवटच्या पट्टीचा क्रमांक आणि एका शेतकऱ्याचं खातं अगदी पैशापर्यंत. शेवटच्या पट्टीचा क्रमांक मेहताजींना व्हॉट्सॲपवर पाठवायचा. ते गाळ्यातल्या छापील प्रतीशी ताडून 'बरोबर' म्हणतात, मगच त्या आठवड्याचा बॅकअप झाला असं आमच्या वहीत लिहिलं जातं.